गाडीतून लायसनची बंदूक नेताना काय करायचं, काय नाही करायचं

परवा वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर एक नवीन मुलगा भेटला, लायसन नुकतंच हातात आलेलं, नवीकोरी टू-टू म्हणजे .२२ बोरची रायफल, आणि बोलता बोलता म्हणाला की दादा मी रायफल गाडीच्या डिकीतच ठेवतो, चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, रोज कोण वर-खाली करणार. मी त्याला तिथल्या तिथे बाजूला घेतलं आणि अर्धा तास बोलत बसलो. त्याच्या डोक्यात वाईट काहीच नव्हतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. लायसन देताना फॉर्म, व्हेरिफिकेशन, मेडिकल सगळं होतं, पण घरापासून रेंजपर्यंतचा रस्ता कसा पार करायचा हे शेजारी बसवून कोणी शिकवत नाही, आपण एकमेकांचं बघून शिकतो आणि बघतो तेही बऱ्याचदा चुकीचं असतं. म्हणून त्या दिवशी जे बोललो तेच इथे नीट लिहून काढतोय.

आधी मुद्दा. बंदूक गाडीत किती वेळ? जितका वेळ तुम्ही स्वतः गाडीत आहात तितकाच वेळ. बस. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. गाडीची काच फोडायला काही सेकंद लागतात, आणि मुंबईत रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडून लॅपटॉप, बॅगा जातात हे सगळ्यांना माहितीये. लॅपटॉप गेला तर आपलं नुकसान. बंदूक गेली तर ती उद्या कोणाच्या हातात असेल आणि कोणाच्या छातीवर रोखलेली असेल हे आपल्याला कधी कळणारही नाही, आणि कळलं तर ते पोलिसांकडून कळेल कारण तिच्यावरचा नंबर आपल्या नावावर आहे.

आता कायद्याचं बघू, थोडक्यात पण नीट. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं, आधी तीन चालायची, आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. विनालायसन साधं हत्यार जवळ बाळगलं तर आता किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आणि वर दंड. आणि लायसन असूनसुद्धा त्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार ऐकून लोक खांदे उडवतात, पण अट मोडली की लायसन सस्पेंड किंवा रद्द होऊ शकतं ते कलम १७ खाली, आणि एकदा रद्द झालेलं लायसन परत मिळवणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्याला विचारा.

तुमचं लायसन एकदा शांत बसून वाचा. मी गंमत करत नाहीये, बहुतेकांनी ते वाचलेलंच नसतं. त्यात हत्याराचा नंबर आहे तो तुमच्या हत्याराशी जुळतो का, काडतुसं किती बाळगायची परवानगी आहे, मुदत कधी संपते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हद्द काय लिहिलीये. काहींचं लायसन महाराष्ट्रापुरतं असतं, काहींचं पूर्ण भारताचं. गाडी चालवताना राज्याची सीमा जाणवत नाही हो, अहमदाबाद हायवेने निघालात, तलासरी गेलं, अच्छाड गेलं की तुम्ही गुजरातमधे. गोव्याला जाताना बांदा सोडलं की पत्रादेवीला गोवा सुरू. लायसन महाराष्ट्रापुरतं असेल तर त्या पाटीच्या पलीकडे तुमच्या डिकीत जे आहे ते बिनपरवान्याचं आहे, मग तुम्ही कितीही सज्जन असा. स्पर्धेला दिल्लीला कर्णी सिंग रेंजला जायचं असेल तर हद्द वाढवून घ्यायचं काम दोन-तीन महिने आधी सुरू करा, आदल्या आठवड्यात पळापळ करून ते होत नाही.

सार्वजनिक ठिकाणी हत्यार कसं न्यायचं ते २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर असेल तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमधे किंवा तशाच बॅगेत, आणि रायफल किंवा बंदूक असेल तर त्यासाठीच बनवलेल्या कव्हरमधे, आणि दोन्ही बाबतीत ते पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि तुमचा त्याच्यावर ताबा पाहिजे. हे शेवटचं वाक्य मी त्या मुलाला दोनदा म्हणून दाखवलं. तुम्ही चौथ्या मजल्यावर झोपलात आणि रायफल खाली गल्लीत गाडीच्या डिकीत आहे, तर ताबा कुठे आहे सांगा. झाकलेलं म्हणजे चादरीत किंवा गोणपाटात गुंडाळलेलं नाही, गावाकडे अजून तसं करतात, ते बंद करा. आणि जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे हत्यार न्यायचं नाही, मग गाडीत लॉक करून ठेवलं असलं तरी. मुलाला शाळेत सोडून तसंच पुढे रेंजला जातो असं करणारे आहेत, गेटच्या आत गाडी घालतात, हे करू नका, आधी मुलाला सोडा, घरी या, मग बंदूक उचला.

मुंबईवाल्यांसाठी आणखी एक. इथे पोलिस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात, सणासुदीला आणि तणावाच्या वेळी हमखास. आणि मुंबई सोडून ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर वसई-विरार ही सगळी वेगवेगळी आयुक्तालयं आहेत, म्हणजे दहिसर चेकनाका ओलांडला की आदेश वेगळा असू शकतो. निवडणूक लागली की तर पोलिस ठाण्यातून हत्यार जमा करायची नोटीस येते. आली की मुकाट जाऊन जमा करा आणि पावती घ्या. निघायच्या आदल्या दिवशी आपल्या पोलिस ठाण्यात एक फोन करून विचारायला काही जात नाही, मी गेली कित्येक वर्षं लांबच्या प्रवासाआधी करतो, पलीकडचा माणूस कधी वैतागून बोलतो कधी चांगलं बोलतो, पण माहिती मिळते.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात घरातच होते, गाडीपाशी नाही.

हत्यार रिकामं करणं. हे सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. नळी अशा दिशेला जिथे चुकून बार झाला तरी कोणाला लागणार नाही, म्हणजे मुंबईच्या फ्लॅटमधे शेजारच्या भिंतीकडे नाही, त्या भिंतीपलीकडे कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे. बोट ट्रिगरपासून लांब, बाहेर सरळ ताणलेलं. मग आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, काढायचं आणि नंतर रायफलचा बोल्ट किंवा पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढायची. हा क्रम उलटा केला तर काय होतं बघा, स्लाइड ओढली, चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बसलेली, गोळी बाहेर उडाली, तुम्हाला वाटलं झालं रिकामं, पण मॅगझिन अजून आत आहे, त्याने वरची दुसरी गोळी चेंबरमधे ढकलली आणि आता तुमच्या हातात भरलेलं पिस्तूल आहे जे तुम्ही रिकामं समजताय. माणसं अशीच मरतात, साफ करताना गोळी सुटली वगैरे बातम्या येतात ना, त्यात हा प्रकार असतो. बोल्ट मागे ओढून धरा, उजेडात चेंबरमधे बघा, मग करंगळी आत घालून चाचपा, कारण डोळा सवयीने बघतो आणि जे अपेक्षित आहे तेच त्याला दिसतं, करंगळीला मात्र पितळ लागलं की लागतंच. मग चेंबर फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामा आहे हे दाखवणारी भगव्या रंगाची खूण, आत घाला. स्पर्धेत तो बंधनकारक असतो, प्रवासात मी स्वतःहून घालतो, केस, म्हणजे बंदूक न्यायची पेटी, उघडली की समोरच्याला लांबूनच कळतं की चेंबर रिकामा आहे. बारा बोर असेल तर बिजागरीवर मोडून, म्हणजे उघडून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढून सगळी घरं एक एक मोजा.

रिकामं झालं की सुटं करा. बोल्ट ॲक्शन रायफलचा बोल्ट काढून वेगळ्या पाऊचमधे. बारा बोरची नळी, दस्ता आणि पुढची लाकडी मूठ असे तीन भाग होतात, तसेच केसमधे ठेवा, केसही अर्ध्या लांबीची लागते मग. पिस्तुलाला ट्रिगर लॉक किंवा स्लाइड उघडी ठेवून आरपार जाणारं केबल लॉक. याचा फायदा असा की कोणी केस उचलून नेलीच तरी त्याच्या हातात लगेच चालणारं हत्यार पडत नाही.

केस कडक प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची घ्या, दोन कड्या असलेली, दोन्हीला कुलूप. कापडी कव्हर पावसात भिजतं आणि ब्लेडने फाटतं. केसवर कंपनीचे मोठे स्टिकर, गाडीच्या मागच्या काचेवर नेमबाजीचा स्टिकर, रायफलचं चित्र, असलं काही लावू नका. मला माहितीये, अभिमान असतो, स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मधे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे ब्राँझ आणलं तेव्हा कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत सगळ्या नेमबाजांनी गाड्यांवर लावले, मीसुद्धा लावला होता आणि दोन आठवड्यांनी काढला. तो स्टिकर चोराला सांगतो की या डिकीत बघ.

काडतुसं वेगळ्या डब्यात, तो डबाही कुलूपबंद, मूळ पाकिटातच, आणि निघताना किती आहेत ते मोजून कागदावर लिहा. भरलेलं मॅगझिन केसमधे ठेवून नेणारे लोक आहेत, ते वेगळं ठेवल्यात मोडत नाही. आणि काडतुसांचा डबा डॅशबोर्डवर, मागच्या काचेखाली उन्हात ठेवू नका, मे महिन्यात बंद गाडी आतून किती तापते ते हात लावून बघा. काडतूस उन्हाने लगेच फुटत नाही पण सतत तापलं की दारू खराब होते, मग बार नीट होत नाही, आणि अर्धवट उडालेली गोळी नळीत अडकली आणि मागून दुसरी मारली तर नळी फाटू शकते.

डिकीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मुंबईत इथेच घोळ होतो. आपल्या निम्म्या गाड्या सीएनजी, डिकीत सिलिंडर, लांब केस आडवी बसतच नाही. मग लोक मागची सीट पाडून केस तिरकी टाकतात, बाहेरून अख्खी दिसते. तसं असेल तर केस मागच्या सीटच्या पायाशी आडवी ठेवा, वर गडद रंगाची चादर, आणि केसच्या मुठीतून स्टीलची केबल ओवून सीटच्या लोखंडी रुळाला कुलूप लावा. हॅचबॅक आणि एसयूव्हीची डिकी म्हणजे खरं तर आतलाच भाग असतो, काच फोडली की हात पोचतो, म्हणून तिथेही केबल लागतेच. ग्लोव्ह बॉक्स, दाराचा कप्पा, सीटखाली, यातलं काहीच चालत नाही, ब्रेक मारला की सीटखालचं पिस्तूल घरंगळत तुमच्या पायाखाली पेडलपाशी येतं. छोट्या हत्यारासाठी स्टीलची लॉक बॉक्स मिळते, केबलवाली, ती सीटच्या रुळाला बांधा. स्कूटरची डिकी तर विसराच, ती चावीशिवाय उघडणं पोरांच्या हातचा मळ आहे.

आणि सीएनजी आदल्या दिवशी भरून ठेवा. पंपावर सगळ्यांना खाली उतरवतात, गाडी उघडी, तुम्ही दहा फूट लांब उभे, मागे रिक्षांची लाईन. त्या पाच मिनिटांसाठी सुद्धा नको.

गाडीत केस सगळ्यात शेवटी ठेवायची. पाणी, डबा, जॅकेट, मॅट सगळं आधी नेऊन ठेवा, मग वर जाऊन केस आणा, ठेवा, कुलूप, आणि लगेच निघा. कंपाउंडमधे पोरं क्रिकेट खेळतायत, वॉचमन विचारतोय साहेब यात काय आहे, आणि तुम्ही केस बोनेटवर ठेवून फोनवर बोलताय हे दृश्य मी पाहिलंय. डबा आणि पाण्याची बाटली पुढच्या सीटवर ठेवा म्हणजे वाटेत डिकी उघडावी लागणार नाही. जिथे निघालात तिथे पोचेपर्यंत डिकी उघडायची नाही.

दादरहून वरळी म्हणजे काही मिनिटांचं काम, त्यात थांबायचं कारणच नाही. पण पुण्याच्या बालेवाडी रेंजला जाताना एक्सप्रेसवेवर फूड मॉलला सगळे थांबतात. थांबा, पण एकाने गाडीत बसायचं, आणि तो एक म्हणजे कोणीही नाही, लायसन ज्याचं तो. बाकीचे खाऊन त्याच्यासाठी वडापाव बांधून आणतील. एकटे असाल तर सरळ पुढे जा, दीडशे किलोमीटर आहे, घरी नाश्ता करून निघा.

हे लायसन ज्याचं तो हे नीट समजून घ्या कारण यात चांगली चांगली माणसं अडकतात. मुंबईत पार्किंग नाही म्हणून आपण ड्रायव्हरला सांगतो, मला इथे सोड, तू एक चक्कर मारून ये. आता गाडीत बंदूक आहे, लायसनवाला खाली उतरलाय, आणि एक माणूस ज्याच्याकडे लायसन नाही तो बंदूक घेऊन शहरात फिरतोय. नाकाबंदीत तो सापडला तर तो काय दाखवणार. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मधे सवलत आहे, लायसनवाल्याच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो, पण ती दुरुस्तीसाठी, लायसन रिन्यू करायला किंवा लायसनवाल्याच्याच वापरासाठी, चक्कर मारायला नाही. बायको गाडी घेऊन भाजी आणायला गेली आणि काल रात्रीची केस डिकीतच राहिली, तीच गोष्ट. आणि कलम ३५ वाचा, त्यात वाहन हा शब्द स्पष्ट आहे, दोन-चार जणांच्या ताब्यातल्या गाडीत गुन्ह्याचं हत्यार सापडलं आणि त्यांना ते आहे हे माहीत होतं असं मानायला कारण असेल तर ते सगळेच जबाबदार धरले जाऊ शकतात, तसं नव्हतं हे त्यांनीच सिद्ध करायचं. तुमच्या चुकीत तुमचा मित्र, तुमचा ड्रायव्हर, तुमची बायको ओढली जाते. म्हणून सोबत येणाऱ्याला आधी सांगा की गाडीत रायफल आहे, लॉक आहे, चालेल ना. नको म्हणाला तर त्याचा मान ठेवा.

व्हॅले पार्किंगला गाडी देऊ नका. लग्नाचा हॉल, हॉटेल, हॉस्पिटल, कुठेही. चावी दिली म्हणजे डिकी दिली. टॉवर पार्किंगमधे गाडी मशीन वर नेते, आणि लाईट गेली की ती तासभर वरच अडकते, तेव्हा ताबा वगैरे सगळं हवेत. गाडी सर्व्हिसिंगला देताना सीटखाली, डिकीच्या चटईखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा, एखादं काडतूस निसटलेलं असतं. आणि टोइंग. नो पार्किंगमधे दोन मिनिटं लावली, परत आलात तर गाडी नाही. आत कुलूपबंद केसमधे का असेना, तुमची रायफल आता ट्रॅफिकवाल्यांच्या यार्डात उभी आहे. माझ्या ओळखीच्या एकाचं असं झालं होतं. दंड भरून गाडी सुटली, पण हत्यार आत होतं हे त्याने सांगितल्यावर पुढचे चार तास त्याने पोलिस ठाण्यात जबाब देण्यात घालवले, आणि त्याने स्वतःहून सांगितलं हे त्याच्या बाजूने गेलं.

नाकाबंदीत कसं वागायचं ते सांगतो. माझी चूक आधी सांगतो म्हणजे कळेल. सुरुवातीच्या दिवसांत एकदा पुण्याहून रात्री परत येत होतो, वाशीला नाकाबंदी, हवालदारांनी विचारलं मागे काय आहे, मी म्हटलं रायफल आहे साहेब. लायसन दाखवा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की लायसन मी व्यवस्थित, जपून, रायफलच्याच केसमधे ठेवलंय. म्हणजे लायसन दाखवायला रात्री साडेअकराला, दोन बंदूकधारी पोलिसांसमोर, मला रायफलची केस उघडावी लागणार. मी घाबरलो, ते सावध झाले, एकाने हात होल्स्टरवर ठेवला. शेवटी मी गाडीपासून लांब उभा राहिलो आणि त्यांनी स्वतः केस उघडून लायसन काढलं, काही वाईट झालं नाही, साहेब शेवटी पाणी पिणार का विचारत होते, पण ती पाच मिनिटं मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मूळ लायसन शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात, आणि झेरॉक्स घरी. मोबाईलवरचा फोटो नंबर सांगायला बरा, लायसन म्हणून तो दाखवून भागत नाही.

तर गाडी बाजूला घ्या, आतली लाईट लावा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ते जवळ आले की शांतपणे म्हणा, साहेब, गाडीत माझी लायसनची रायफल आहे, मागे केसमधे लॉक आहे, रिकामी आहे, लायसन माझ्या खिशात आहे, काढू का? बंदूक हा शब्द कानावर पडायच्या आत लायसनची हा शब्द पडला पाहिजे. ते हो म्हणाले की मग खिशात हात. स्वतःहून डिकी उघडायला धावू नका, केस उघडून दाखवतो म्हणू नका, ते सांगतील तसं करा. कलम १९ खाली पोलिस अधिकारी लायसन मागू शकतात, आणि दाखवता आलं नाही तर हत्यार जप्त करू शकतात. वाद घालून त्यातलं काही बदलत नाही. ते लोक रात्रभर उभे असतात, त्यांना माहीत नाही तुम्ही कोण आहात, त्यांच्या जागी उभं राहून विचार करा.

ज्यांच्याकडे स्वसंरक्षणाचं पिस्तूल आहे, व्यापारी, ज्वेलर मंडळी, त्यांचा प्रश्न थोडा वेगळा. हत्यार अंगावर होल्स्टरमधे, शर्टाखाली पूर्ण झाकलेलं. बेल्ट टोचतो म्हणून गाडीत बसल्यावर काढून दाराच्या कप्प्यात ठेवायची सवय लागते, आणि उतरताना ते तिथेच राहतं. टोचतंय तर चांगलं होल्स्टर घ्या. जिथे नेता येत नाही अशा ठिकाणी जायचं असेल, कोर्ट, देऊळ, शाळेचं गॅदरिंग, तर त्या दिवशी घरच्या तिजोरीतच ठेवून निघा. पार्किंगमधे बसून कमरेचं पिस्तूल काढून बॉक्समधे ठेवताना दहा जण बघतात, त्यातला एक थांबून राहतो. अगदीच अचानक वेळ आली, कोणाला तरी हॉस्पिटलमधे न्यावं लागलं, तर बॉक्स, केबल, आणि कोणीतरी घरून येऊन तुम्हाला मोकळं करेपर्यंतच.

कोकणातल्या चाकरमान्यांसाठी. आजोबांची ठासणीची किंवा बारा बोर बंदूक, पीक संरक्षणाच्या लायसनची, डुकरांसाठी घेतलेली, गावच्या घरात माळ्यावर आहे, आजोबा गेले, आणि गणपतीला गावी गेलेला नातू विचार करतो की मुंबईला घेऊन जाऊ, इथे पडून गंजेल. अजिबात नाही. लायसन आजोबांचं होतं, ते गेले की ती बंदूक तुमची होत नाही. कलम २१ प्रमाणे ती विलंब न लावता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि मग वारस म्हणून आपल्या नावाने लायसनचा अर्ज करायचा. गावचा पोलिस पाटील तुम्हाला लहानपणापासून ओळखत असेल, त्याला सोबत घ्या. मुंबई-गोवा हायवेवर डिकीत गौरीच्या सामानाखाली दडवून आणलेली आजोबांची आठवण म्हणजे विनालायसन हत्यार, वर सांगितलेली दोन ते पाच वर्षं त्यालाच आहेत. आणि त्याच हायवेवर कर्नाळा लागतं, पुढे मुरुडच्या बाजूला फणसाड, इकडे तानसा, ही अभयारण्यं आहेत, वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही, लायसन असलं तरी. रेंजवरून परतताना सहज कर्नाळ्यात ट्रेकला वळू हा विचार गाडीत रायफल असताना करू नका.

एअर रायफलवाले म्हणतील आम्हाला काय. २० ज्यूलपर्यंतच्या आणि .१७७ बोरच्या एअर रायफलला लायसन लागत नाही, बरोबर. पण नाकाबंदीत लांबून ती रायफलच दिसते. बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत ठेवा, केसमधे लॉक करूनच न्या, आणि पोरांना सोसायटीत उघडी घेऊन फिरू देऊ नका.

पावसाळ्यात एक वेगळाच शत्रू असतो, गंज. जुलैमधे एकदा मी दमून आलो आणि केस न उघडता तशीच रात्रभर बंद ठेवली, आतला फोम ओला होता, सकाळी नळीवर बोटांच्या ठशांच्या आकाराचे तांबूस डाग. घामाचे ठसे तसेच्या तसे उमटले होते. रेंजवरच कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, केसमधे सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि घरी आल्यावर आधी केस उघडून फोम पंख्याखाली सुकवा. एसीच्या गाडीतून दमट हवेत काढलेल्या गार लोखंडावर लगेच पाणी सुटतं, म्हणून घरी पोचल्यावर अर्ध्या तासाने परत एकदा पुसा.

घरी आलात की केस सगळ्यात आधी वर. मग काडतुसं मोजा, सकाळच्या कागदातून वापरलेली वजा करा, आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर जॅकेटचे खिसे, किटबॅगची अस्तरं, गाडीच्या सीटमधल्या फटी. हा कंटाळा करू नका. तीच किटबॅग तुम्ही तीन महिन्यांनी कपडे भरून विमानतळावर नेता आणि स्कॅनरमधे एक काडतूस दिसतं. आपल्याकडे कोर्टांनी जाणीवपूर्वक ताबा होता की नाही हे बघितलंय, चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसाच्या केसेस रद्दही झाल्यात, पण तोपर्यंत विमान गेलेलं असतं, गुन्हा नोंदलेला असतो, आणि वकिलाची फी चालू झालेली असते.

आणि एवढं करूनही काही झालं, गाडीच चोरीला गेली, काच फोडून केस गेली, तर आधी ११२ ला फोन आणि तडक जवळचं पोलिस ठाणं, त्याच मिनिटाला, घरी जाऊन शोधून बघतो वगैरे नाही. हत्याराचा नंबर, मेक, बोर, लायसनचा युनिक नंबर हे सगळं एका कागदावर घरी आणि एक फोनमधे ठेवा, कारण त्या क्षणी माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. अपघात झाला आणि शुद्धीत असाल तर पहिल्या पोलिसाला सांगा की गाडीत लायसनचं हत्यार आहे, क्रेनने गाडी उचलायच्या आधी.

तो मुलगा शेवटी म्हणाला, ठीके दादा, पण मी पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने तीन आठवडे बाहेर आहे, घरी आई एकटी, तिला रायफल ठेवायच्या कपाटाची भीती वाटते, मग काय करू. त्याला सांगितलं की लायसनवाल्या डीलरकडे जमा करता येतं, आधी फोन करून विचार, महिन्याचं थोडं भाडं घेतात, हत्यार आणि काडतुसं दोन्हीची वेगवेगळी नोंद असलेली पावती घे, त्यावर नंबर बरोबर लिहिलाय का तिथेच उभं राहून वाच, आणि ती पावती लायसनसोबत एकाच पाकिटात ठेव. शनिवारी आम्ही दोघं जाऊन तेच करणार आहोत, त्याची रायफल माझ्या गाडीतून, तो शेजारी बसलेला, लायसन त्याच्या खिशात.